पितांबर रेडिओत बोलला, त्याची हकिकत

रनाळे, ता. नंदुरबार
फाल्गुन वद्य पंचमी, शके १८८७

चि. पितांबर यास,

थोरला भाऊ गिरधर याचे मुंबईपर्यंत पुरतील इतके आशीर्वाद. इकडे माय, मी, तुझी वहिनी प्रमिला आणि दोन्ही बैल खुशाल आहोत. तुझी, सौ. मंगलाची आणि तुला रजा न देणाऱ्या त्या साहेबांची प्रकृती कशी आहे ते कळव. (साहेबांची आधी कळव. तुझे गावी येणे त्यांच्याच प्रकृतीवर अवलंबून असते, असे वैशाखातले तीन आखाजीचे सण गेले, ऐकतोच आहे.)

पत्रास कारण तू धाडलेला रेडिओ. गावात लाइट आली तेव्हा कुणा म्हाताऱ्या पारशीबुवांचा हा जुना सेट तू पाठवलास आणि सोबत लिहिलेस की आवाज अगदी गोड आहे. खोटे नाही. मागचे काचेचे दिवे तापले की धुळीचा खरपूस वास सुटतो, आणि पुढचा हिरवा डोळा उघडला की माय अजूनही हात जोडते. पण यंदा संक्रांतीनंतर त्या गोड आवाजाच्या खालून 'घूंऽऽ' असा दुसरा आवाज निघू लागला. आधी मला तो बराही वाटला. आपल्या लहानपणी हंगामात कापसातली सरकी काढणाऱ्या जिनचा आवाज असाच शेतापलीकडून दिवसभर यायचा, आठवते? पुढे मात्र घूं मोठी आणि बातम्या बारीक अशी गत झाली. तशात तुझे कार्ड आले, की पुढल्या गुरुवारी सायंकाळी शेतकऱ्यांच्या कार्यक्रमात तुमच्या शेतकी खात्यातर्फे तू कापसावरच्या किडीवर बोलणार. (तू! ज्याने कापसाशी आयुष्यात एकच व्यवहार केला, तो म्हणजे घरातल्या ढिगात लपून बसणे.) माय म्हणाली, तोंड दिसत नाही तर नाही, पोराचा आवाज तरी कानी पडू दे. झाले! घूं घालवणे हे साऱ्या गल्लीचे काम होऊन बसले.

पहिला आळ आला मगनच्या नव्या पिठाच्या गिरणीवर. ती विजेवर चालते आणि तीही घूं करते, एवढा पुरावा आपल्या दोधूकाकांना पुरला. बातम्यांच्या वेळी त्यांनी गिरणी बंद पाडली. दळणाचे डबे घेऊन रांगेत बसलेल्या बायकांनी काकांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, आणि घूं होती तशीच राहिली. मग आम्ही एरियल निंबावरून काढून पिंपळावर नेली. तिकडून घूं अधिक स्वच्छ ऐकू येऊ लागली.

शेवटी नंदुरबारचा शांतीलाल रेडिओवाला सायकलवर आला. त्याने काय केले, तर आवाजाचा कान पार पिरगाळून बंद केला. बातम्या थांबल्या, घूं चालूच! म्हणजे खोट बाहेरची नाही, सेटच्याच पोटात आहे, असे म्हणून त्याने आतून शाईच्या दौतीएवढे पत्र्याचे डबडे दाखवले. हा कंडेन्सर. विजेतली खळखळ निवळून पुढे सोडणे हे त्याचे काम; तो आतून वाळून गेला, म्हणून खळखळ आवाजात उतरते. जुने डबडे सोडवून ठेवून, नवे सुरतेहून मागवतो असे सांगून तो गेला.

आता ऐक. 'वाळला' हा शब्द दोधूकाकांनी धरून ठेवला. वाळी गया ते वल द्या, त्याले सुरत कसाले जोयजे, असे म्हणत त्यांनी कंडेन्सर ओल्या गोणपाटात गुंडाळला आणि उसाचे बेणे ठेवतात तसा माठाखाली ठेवला. वर सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडणे. (खरे सांगायचे तर मीही एकदा गोणपाट उघडून पाहिले. कोंब आलेला नव्हता.) गुरुवारी दुपारी शांतीलाल नवा कंडेन्सर घेऊन आला आणि ते ओले बोचके पाहून असा हसला, की त्याला धरून बसवावे लागले.

पण घूं गेली, पितांबर! इतकी गेली की ओट्यावर माणसे एकमेकांचा श्वास ऐकत बसली. तुझे नाव पुकारले आणि तू बोलू लागलास. काय ते शुद्ध बोलणे! 'प्रादुर्भाव' काय, 'उपाययोजना' काय! मायने थोडा वेळ ऐकले आणि म्हणाली, "हाऊ मन्हा पितांबर नही. हाऊ कोन्ही साहेब शे." आणि गुडघ्यावर हात ठेवून उठू लागली. एवढा खटाटोप, आणि पोराचा आवाज मायला परका!

तेवढ्यात तू खोकलास. बारीक, दोनदा, अर्धवट दाबलेला खोकला. माय मटकन खाली बसली. "खोकना! मन्हाच शे!"

लपाछपीत तू कापसाच्या ढिगात शिरायचास, रुईचे तंतू नाकातोंडात जायचे आणि असाच दोनदा खोकायचास. मी घरभर शोधत असायचो, माय चुलीपाशी बसून सांगायची, ढिगात बघ. घूं असती तर तो खोकला तिच्यात बुडून गेला असता. मी मान वळवून डोळे पुसले. दोधूकाकांनी तर पदर नसल्यामुळे गोणपाटाला पुसले.

असो. रजेचे तुला जमेल तसे बघ, आमचा आग्रह नाही. सौ. मंगलास आशीर्वाद.

तुझा,
गिरधर

ता. क. फवारायचे औषध कोणते सांगितलेस ते लिहून पाठव. खोकल्यानंतरचे भाषण गलक्यात कुणीच ऐकले नाही.

आणखी ता. क. आग्रह नाही असे वर लिहिले, ते खोडत नाही, कारण शाई वाया जाते. पण माय आता रोज त्याच वेळी रेडिओपुढे बसते. काल मी म्हटले, माय, पितांबर त्यात रोज नसतो. तर म्हणाली, "लपेल व्हई. खोकी आते." तेव्हा आखाजीला ये. आणि ओट्याशी आलास की हाक मारू नको, नुसता खोक.