मधल्या दाराखालचं पोतं

धाकटे,

दुकानांत पाव पोचवायला निघालेय, दुपारी परतेन. चिठ्ठी तुझ्या बुटात ठेवतेय. दार वाजवलं असतं तरी तू काही उघडलं नसतंस.

बाळाचा खोकला भिंतीपलीकडून ऐकू येतोय. आपल्या मधल्या दाराच्या फटीत तू पोतं कोंबलंयस, ते आधी काढ. गार वारा तिथून येत नाही गं, तो रस्त्याकडच्या खिडकीतून येतो. दाराखालून येते ती आमच्या भट्टीची ऊब. तेच पोतं खिडकीच्या फटीत बसव, पडदा दुहेरी कर आणि बाळाचं अंथरूण दाराशी ओढ. टोपी, मोजे काढू देऊ नकोस. बंद खोलीत कोळसा मात्र पेटवू नकोस, धूर दिसला नाही तरी जीव घुसमटतो.

पोतं थंडीसाठी लावलंस की आमचा आवाज नको म्हणून, ते मी विचारत नाही. भावाभावांची वाटणी होण्याआधी याच भट्टीपाशी तू ओले केस वाळवायचीस, एवढं मला आठवतं.

माझ्या बाजूची कडी काढून ठेवली आहे. तुझ्या बाजूची तू बघ.

थोरली जाऊ