बारा खांद्यांची वाट

९ नोव्हेंबर ८६
तालुक्याहून परत. बसमधी उभीच आली. गुडघा बोंबलून राह्यला.

तिथल्या डॉक्टर साहेबानं मशीन देल्लं. घड्याळावानी गोल, कंबरेले अडकवाचं. पाऊल टाकलं का आतमधी टिक वाजते, काटा सरकते, किती किलोमीटर चालले ते दाखवते. साहेबाच्या साळ्यानं बाहेरदेशातून आनलं म्हने. टेप लावून माही ढांग मोजली, खटका तेवढ्यावर ठेवला, अन् डांबरी रस्त्यावर दोन दगडांच्या मधात मले चालवलं. बरोब्बर एक किलोमीटर. साहेब असा खुश का जसं त्यानंच बनवलं.

कुमरटोल्याच्या उपकेंद्राचा कागद दोन वर्षापासून पडून हाये. नकाशावर पट्टी ठेवली का माह्या केंद्रापासून पाच किलोमीटर. पायी गेलं तं पहाड वळसून, दोन नाले वलांडून, साडेतीन घंटे. आठ किलोमीटरच्या वर निघालं तरच तिथी खोली होईल, नर्स भेटल. नाईतं मीच. साहेब म्हने, "साडेतीन तासांचं मी काय करू, सिस्टर? किलोमीटर द्या. यंत्राला आपला-परका नसतो."

बरं बाप्पा. देते.

१० नो.
लसीचा दिवस. अठ्ठावीस लेकरं, अठ्ठावीस भोंगे. वडशाहून ताईचं पत्र. नाटकं सुरू झाली, ये म्हनते, मांडवात पुढची जागा धरून ठेवते म्हनते. जागा पुढची कायले पाह्यजे? मले बसाले भेटलं तरी पुरे हाये.

कुमरटोला रविवारी मोजाचा.

१२ नो.
रविवारपर्यंत थांबलंच नाई. सकाळी सकाळी कुमरटोल्याचा चुक्कू दारात, धापा टाकत. बायको जैनी, पह्यलटकरीन, कालपासून कळा. पिशवी उचलली अन् निघाली. मशीन पिशवीतच राह्यलं.

कुमरटोल्यात पोचून पाह्यलं तं मूल आडवं. हे माह्या हातचं नाई. जैनीले माह्या केंद्रापर्यंत आनाचं, तिथून जीप. खाटेले बांबू बांधले.

निघता निघता मशीन आठवलं. मी ते चुक्कूच्या कंबरेले अडकवलं. वितीनं त्याची ढांग मोजली, खटका लावला. जैनी वरडून राह्यली अन् मी खटका लावून राह्यली! वाटलं, हीच वाट मोजाची हाये, याच्याहून खरी कवा मोजनार. आता लिहितानी लाज वाटते. हात दुखते. बाकी उद्या.

१३ नो.
कालचं.
चौघं खाट उचलतात, चौघं मोकळे मागून चालतात. खांदा भरून आला का मागचे चौघं खाली घुसतात, खाट टेकवत नाईत. तो एक खांदा. कुमरटोल्याची मानसं वाट अशीच सांगतात. माह्या केंद्रापर्यंत बारा खांदे. बाजार नऊ खांदे. घंटे नाई, मैल नाई.

चुक्कू एकदाबी बाहेर निघाला नाई. बाकीचे बदलले, हा तसाच. "बदल ना रे बाबू," मी म्हटलं. मान हलवली नुसती. कशे चालले म्हनून सांगू! गुडघे वाकवून, तळवे जमिनीले घासत, भरलेली परात नेतात तशे. खाट हलली का जैनीले लागते ना. दगडावर पाय टाकाच्या आधी अंगठ्यानं चाचपून पाहेत. नाल्यात मांडीपर्यंत पानी, तिथीबी खाट सरळ.

सातव्या खांद्यावर नळी लावून मुलाचे ठोके ऐकले. होते. दहाव्यावर पुन्हा लावली. नव्हते. मी कोनाले सांगतलं नाई. सांगतलं असतं तं चुक्कूचे पाय राह्यले असते का?

पाच घंटे लागले. जीप उभी होती. जैनी दवाखान्यात पोचली, पोट कापून मूल काढलं. मुलगी होती. जैनी वाचली.

मशीन संध्याकाळी पाह्यलं. चार. बारा खांद्यांचे चार किलोमीटर!

१५ नो.
मशीनमधी काय बिघाड हाये म्हनून आंगनात तपासत बसली. भरभर चालली, टिक टिक. मंग डोक्यावर भरली घागर घेऊन चालली. एक टिक नाई! शेजारची म्हातारी म्हने, "बाई, याड लागलं का वो?" लागलंच म्हना.

बिघाड काईच नाई. कंबरेले दनका बसला तवाच आतला काटा हलते. म्हंजे जपून चाललं का मशीनच्या हिशोबानं चाललंच नाई. इकडं बाया पानी आनतात, सरपन आनतात, गाभन गाईमागं हळूहळू जातात. मशीनले इचारलं तं साऱ्या घरीच बसून.

साहेबाले चिठ्ठी लिहिली, हे सारं. फाडली. दुसरी लिहिली, नुसतं पुन्हा मोजते म्हनून.

१८ नो.
चुक्कू दवाखान्यातून आला. जैनीचे टाके अजून हायेत. वसरीत बसला, चहा घेतला, पेला धुऊन ठेवला. मंग खाली पाहून म्हनते, "बाई, मी बराबर चाललो नाई का?"

कोनीतरी सांगतलं त्याले, चारच आले म्हनून. त्याले वाटते त्याची चूक झाली.

मले रडू आलं, त्याच्यासमोरच. बावीस वर्षांच्या नोकरीत लोकांसमोर नाई रडली. म्हटलं, "तुह्यासारखं कोनी चाललं नसल रे. मशीनच लबाड हाये."

 मंग हात पुढं केला. "द्या ते. खाट नाई आता. आपटत जातो."

२० नो.
गेला अन् तिकडून आपटत आला. जाताना मशीन रुमालात बांधून नेलं, येताना कंबरेले लावलं, मी सांगतलं तसं. नाल्यातबी पाय आपटला म्हने, मासे पळाले. तळव्याले फोड. टाच फाटली होती, औषध लावलं.

अकरा.

तीच वाट, तोच मानूस. बायको खाटेवर तं चार, खाट रिकामी तं अकरा. मी वहीत दोन्ही लिहिले, समोरासमोर. गुडघा आज कमी दुखते. आठवर तीन जास्त! कुमरटोल्याले निरोप धाडला, खोली होनार म्हनून.

(हे मागून लिहिलं: निरोप धाडाचा नव्हता.)

२४ नो.
तालुक्याले गेली. साहेबानं सारं ऐकून घेतलं, खोटं काऊन बोलू. जैनीचं इचारलं, चहा मागवला. मी घागर, खाट, खांदे सारं सांगतलं. खांद्याचं ऐकून हसला नाई, लिहूनबी घेतलं नाई. म्हने, "सिस्टर, एकाच वाटेचे दोन आकडे आले तर मी कोणता धरू? उद्या मला कोणी विचारलं तर? पाय आपटून तर आपण कितीही आणू शकतो."
म्हटलं, "मंग चार कसे खरे?"
म्हने, "चारही खरे नाहीत, अकराही नाहीत. अशा वेळी सरासरी काढतात."

कागदाच्या कोपऱ्यावर पेन्सिलीनं केलं. चार अन् अकरा पंधरा, भागिले दोन. साडेसात. आठच्या खाली.

मी म्हटलं, साहेब, तुमी एकदा खाटेखाली लागा. बोलून गेली. त्याले राग नाई आला. "नदी उतरली की येतो," म्हने. नदी उतरली का साहेबाले दुसरी कामं निघतात, मले माहीत हाये.

बस नव्हती. ट्रकमधी आली.

२६ नो.
टाइप केलेला कागद आला. कुमरटोला, पायी अंतर, साडेसात. खाली माही सही पाह्यजे, मोजनारी म्हनून. सही केली तं फाइल बंद. नाई केली तं कागद अपुरा, पुढच्या वर्षी पुन्हा पह्यल्यापासून. कुमरटोल्याच्या बुदीले सातवा महिना लागला. तिच्या पोटाले पुढचं वर्ष समजते का?

चुक्कूले बोलावून सांगतलं. खोटं सांगाले जीभच वळली नाई. साडेसात म्हंजे काय ते समजावलं, दोन आकडे, बेरीज, अर्धे. त्यानं बोटावर करून पाह्यलं. दोनदा केलं.

मंग म्हनते, "बाई, मी चार चाललो. मंग अकरा चाललो. साडेसात कोन चाललं?"

 वसरीतच बसला हाये तो अजून, पाय लांब करून. कागद माह्यासमोर हाये. सही केली नाई.