उशीला सांगितलेली तहान

ब्लँटायर,
ऑक्टोबर, रविवार

पिलिरानीच्या आईस,

तू आणि पोटातलं बाळ सुखरूप असाल असं धरून लिहायला बसलो आहे. पिलिरानीचा खोकला थांबला का? इथे ऊन असं की दुकानातले टायर हात लावू देत नाहीत. आंबे पिकायला लागलेत, पण आपल्या दारच्या झाडाची चव त्यांना नाही. मी बरा आहे. मालक बरा आहे. तुझी आईही बरी आहे, असं मी परवा फोनवर म्हणालो.

नेलिया, गावातल्या दुकानदाराचा तो फोन म्हणजे भोंगा. इथे मी शिंकलो की तिथे अख्खं गाव रुमाल शोधतं. तुझे मामा शेजारी खाकरत होते, ते मला इथे ऐकू आलं. त्यांच्या देखत मी काय सांगणार? म्हणून हे पत्र. अक्षर कोंबडीने उकरल्यासारखं आहे, चौथीतून पळालेल्या माणसाचं असायचं तसंच. एकटी असताना वाच. दाराला कडी लाव.

ऑपरेशन चांगलं झालं, हे खरंच. मेंदूखालची गाठ नाकातून काढली, डोक्याला एक टाका नाही. शुद्धीवर आल्यावर तुझी आई दोरिकाला म्हणाली, "तुझं लुगडं पिवळं आहे. आणि फाटलंय." तुझी बहीण रडायलाच लागली. इतके महिने म्हातारीला रंग दिसत नव्हता ना. मग दोरिकाच्या पोराला गोवर निघाला आणि ती परत गेली, ते तुला ठाऊक आहे. दुसरं कोण येणार होतं? तू अशी अवघडलेली. शहरात घरचा माणूस म्हणून उरलो मी. नर्सने विचारलं, "या आजीबरोबर कोण?" मी हात वर केला. "कोण लागतोस?" म्हटलं, "जावई." तर वॉर्डातल्या सगळ्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या.

सासू-जावयाने एकमेकांकडे बघू नये ही आपली रीत, म्हणून मी खाटेकडे पाठ करून बसायचो, ती भिंतीकडे तोंड करून. लग्न झाल्यापासून ती माझ्याशी एक शब्द सरळ बोललेली नाही. मला टोमणा मारायचा तर शेळीला सांगायची. "शेळीबाई, कुणाच्या पायाला भिंगरी आहे गं? चहाचा मळा झाला, तळ्यावरची मासेमारी झाली, आता म्हणे टायर!" इथे शेळी कुठली? म्हणून ती उशीशी बोलायची. "उशीबाई, या गावात पाणी मिळतं का?" मी मागच्या मागे पेला सरकवायचो. टेकतो न टेकतो तोच, "उशीबाई, पेला रिकामा झाला हो."

पाणी, पाणी आणि पाणी. मला वाटलं, उन्हाळा आहे.

आता भांड्याचं. ते मी कसं लिहू? जावयाने ते बघू नये, नावसुद्धा काढू नये. शेजारच्या खाटेवरच्या लेकीसोबत एस्नातीमावशी होती, तिला माझी दया आली. ती भांडं फडक्याखाली झाकून न्यायची आणि नर्स यायच्या आधी ओतून यायची. म्हणायची, "सासूचं भांडं जावयासमोर मोजतात! लाज आहे का या लोकांना?" मी मनातल्या मनात तिचे पाय धरायचो. कुंजे डॉक्टरबाई फेरीला आल्या, म्हणाल्या, "लघवी किती होते?" मी जमिनीकडे बघून म्हणालो, "ठीक आहे." त्या पुढे गेल्या. पुढे तरी किती माणसं, जमिनीवरसुद्धा झोपलेली.

मग गादी भिजायला लागली. एस्नातीमावशीने मला झापलं. "एवढं पाणी पाजतोस कशाला रे? आत्ताच उघडलेलं डोकं आहे, त्यात भरेल ना. बंद कर!" बाकीच्या बायकांनीही माना हलवल्या.

नेलिया, मी बंद केलं.

इथे पत्र फाडावंसं वाटलं होतं. पण तुला दुसऱ्या कुणाकडून कळायला नको. ती मागत राहिली. "उशीबाई, जीभ लाकूड झाली गं." मी पाठ करून बसलो. "उशीबाई, या घरात माणूस आहे का कुणी?" मी पाठ करूनच. मग शब्द तुटायला लागले. मग काहीच ऐकू येईना. मला वाटलं, झोपली एकदाची, बरं झालं.

आणि माझ्या मनगटावर हात पडला.

वळून बघतो तर ती उठून बसलेली, डोकं उघडं, ओठांना भेगा, आणि सरळ माझ्या डोळ्यांत बघतेय. तुझ्या आईचे डोळे कसे आहेत, हे मला आजवर माहीत नव्हतं. तुझ्यासारखेच आहेत. म्हणाली, "मालिझानी, पाणी."

माझं नाव! तिच्या तोंडून! एस्नातीमावशीचा घास हातात तसाच. मी जागचा हलेना, तेव्हा तिने माझा हात सोडला, लादी पुसायची बादली ओढली आणि तिच्यात तोंड घातलं.

मी पळालो. आजवर खूपदा पळालोय, पण त्या दिवशी डॉक्टरकडे पळालो. कुंजेबाई व्हरांड्यात भेटल्या. मी ओरडलो, "बाई, तिने माझं नाव घेतलं!"

त्या हसल्या. "मग चांगलंच की. माणूस ओळखायला लागली."

"बाई, मी जावई आहे."

त्यांचं हसू तिथेच थांबलं. त्याही आपल्याच मुलखातल्या, रीत ठाऊक असलेल्या. "डोळ्यांत बघून?"

"हो. हातसुद्धा धरला."

त्या जवळजवळ धावतच खाटेपाशी आल्या. बादली काढून घेतली, तिची कातडी चिमटीत धरून बघितली आणि माझ्याकडे वळल्या. "खरं सांग. पाणी किती पीत होती? लघवी किती, कशी?"

मग मी काय केलं माहीत आहे? ती उशी पुढ्यात घेतली आणि उशीला सांगितलं. "उशीबाई, भांड्यामागून भांडी भरत होती. विहिरीच्या पाण्यासारखी, रंग नाही, वास नाही. आणि उशीबाई, काल संध्याकाळपासून पाणी मी बंद केलंय."

बाईंनी डोळे मिटले. म्हणाल्या, "मेंदूखाली एक वाटाण्याएवढी जागा आहे. 'पाणी धरून ठेवा' असा हुकूम किडन्यांना तिथून जातो. गाठ काढताना ती दुखावली. आता हुकूमच जात नाही, प्यालेलं सगळं वाहून जातंय. तहान तेवढी तिला जिवंत ठेवत होती." मग हळू आवाजात म्हणाल्या, "भांडं मोजा असं मी सांगितलं होतं. मोजलं का ते बघायला हवं होतं मी."

रक्त तपासलं तर त्यात मीठ चढलेलं. वाचेल का, विचारलं तर म्हणाल्या, "आता घाईही करता येत नाही. पाणी एकदम दिलं तर मेंदू सुजेल." सलाईन लावली, औषध नाकात मारलं. पाणी मोजून, चमच्याने. तो चमचा मी धरला. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. कपडे मी बदलले, भांडं मी मोजलं. एस्नातीमावशी दुसरीकडे तोंड करून रडत होती. तुझ्या मामांना कळलं आणि त्यांनी रीत मोडल्याबद्दल दंडाची कोंबडी मागितली तर दोन देईन म्हणावं.

किती तरी वेळ ती मला नावाने हाक मारत राहिली. एकदा म्हणाली, "मालिझानी, तू जाशील निघून." मी म्हणालो, "नाही जाणार, आई." आई म्हणालो मी तिला. तोंडावर.

आज सकाळी तिने डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं आणि दचकली. चादर डोक्यावरून ओढली, भिंतीकडे वळली आणि फाटक्या आवाजात म्हणाली, "उशीबाई, हा माणूस अजून इथेच? याच्या पायाची भिंगरी कुणी चोरली?"

कुंजेबाई खो खो हसल्या. मी बाहेर जाऊन खांबाआड रडलो. तिला मधलं काही आठवत नाही. तू आठवण करून देऊ नकोस. मला मात्र आता हाक ऐकल्याचा भास होतो.

औषध रोज घ्यावं लागेल, बाई म्हणतात कदाचित कायमचं. ते मी इथून पाठवत जाईन, त्यासाठी हीच नोकरी धरून राहीन. ती घरी आली की एवढं लक्षात ठेव. शेळीपाशी मला शिव्या देत असेल तोवर निश्चिंत राहा. पण कधी तिने डोकं उघडं टाकून सरळ माझं नाव घेतलं, तर हसू नकोस. आधी पाणी दे, आणि मग गाडी शोध.

खाटेकडे पाठ करून बसलेला,
तुझा
मालिझानी