एकशे अडतीस

४ मार्च २००२
अमेरिकेला कोणाला पाठवायचं ते आता बुद्धिमापन चाचणी ठरवणार! ऑफिसात नोटीस लागलीय. प्रोजेक्ट लीडची ती जागा माझी, हे खालच्या वॉचमनलासुद्धा ठाऊक आहे. चाचणी बाकीच्यांची घ्या. माझी झालीय. तिसरीत असताना मांजरी गावच्या शाळेत पुण्याहून एक मानसशास्त्रज्ञ आले होते. माझं वय आठ, मानसिक वय निघालं अकरा. अकराला आठाने भागा, शंभराने गुणा. एकशे साडेसदतीस, म्हणजे अडतीसच. अख्ख्या बिबवेवाडीत असा बुद्ध्यांक निघणार नाही. ठरलं. चाचणीला बसायचं नाही.

६ मार्च
एचआरच्या नम्रता मॅडमना आकडा सांगितला. बाई मानसशास्त्र शिकलेल्या, पण चेहरा कोरा. म्हणाल्या, तो हिशेब लहान मुलांचा. मोठ्यांची तुलना त्यांच्याच वयाच्या लोकांशी करतात आणि सरासरी माणसाचे शंभर धरतात. सरासरी माणसाला शंभर? काय ही खैरात! वर म्हणे, स्मरणशक्ती वेगळी मोजायची, तर्क वेगळा, वेग वेगळा. बुद्धी आहे की भाजीमंडई?
सरावाचं पुस्तक देत होत्या. नको म्हटलं. दिग्विजयने दोन घेतली. अमरावतीचा पोरगा, मला सहा वर्षांनी ज्युनियर. घेऊ दे, त्याला गरज आहे.

१० मार्च, रविवार
गंमत म्हणून पुस्तक विकत आणलं. पुढची आकृती कोणती, वगैरे पोरखेळ. वीसपैकी अकरा उत्तरं मागे चुकीची छापलीत. कसली माणसं पुस्तकं काढतात! बायकोने, ऋतुजाने, मेथी निवडता निवडता वीसच्या वीस सोडवली आणि नेमकी छापलेलीच उत्तरं काढली. हा निव्वळ योगायोग, हे तिला समजावून सांगितलं. ती म्हणाली, हो का? वीस वेळा? हिच्याशी या विषयावर बोलण्यात अर्थ नाही.

१४ मार्च
चाचणीतून सूट मिळावी, असा अर्ज दिला. मॅडम म्हणाल्या, पुरावा? कागद कुठला राहतोय इतक्या वर्षांनी! पण साक्षीदार आहे. त्या दिवशी आई शाळेत हजर होती. तिलाच मांजरीहून आणतो, म्हटलं. मॅडम म्हणाल्या, आणा की, चहा घेऊ. चेष्टा करतायत. करा, करा.

१८ मार्च
चाचणीचा दिवस. सगळे आत घाम गाळतायत, मी आईबरोबर कँटीनमध्ये निवांत. मधल्या सुट्टीत मॅडम आल्या. मागोमाग दिग्विजय, चहाला. आई खुलली. म्हणाली, माझा रणजित लई हुशार हाय. सायबानं सांगितलं, ह्याचं डोकं अकरा वर्साचं हाय. आन् व्हताच की अकरा वर्साचा! साळंत तीन वर्सं उशिरा घातला, म्हून गुर्जींनीच वय कमी लिवलं. पुढं नोकरी जास्त करता येती.
मग दिग्विजयने भागाकार केला. मोठ्याने. अकरा भागिले अकरा.
मॅडमनी त्याच्याकडे डोळे वटारले आणि मला हळूच म्हणाल्या, दुपारच्या बॅचला बसा, अजून जागा आहे. डोकं दुखतंय सांगून घरी आलो. खरंच दुखत होतं.

२७ मार्च
अमेरिकेला दिग्विजय जाणार. जाऊ दे. असल्या चाचण्यांवर माझा पहिल्यापासूनच विश्वास नव्हता.
आई अजून इथेच आहे. परवा तिने विचारलं, मग तुजं किती निघालं? शंभर, म्हटलं. आणखी काय सांगणार? आज संध्याकाळी येतो तर ती बिल्डिंगभर पेढे वाटतेय. समोरच्या सर्जेरावांना सांगत होती, पोराला शंभरातलं शंभर पडलं! त्यांनी माझा हात धरून अभिनंदन केलं. इतकी लाज वाटली की मान वर होईना. आईला खरं काय ते सांगायला तोंड उघडलं. तिने त्यात पेढा कोंबला. खाल्ला.