आईचा बिडाचा तवा

अलाबामा, जुलै

लाडके लूरीन,

आई गेली तेव्हा तिचा बिडाचा तवा तुझ्या वाट्याला आला. दफनानंतरच्या जेवणात मी तो गुपचूप पळवला आणि त्याच्या जागी दुकानातला ठेवला. बिडाला साबण लावायचा नाही, ही आईची शिकवण मी सहा वर्षं पाळली.

आज भेंडी तळून झाल्यावर आमच्या न्यूयॉर्कच्या सुनेने तवा साबणाने खसाखसा घासला. मी ओरडणार, तोच बुडाची काजळी निघाली आणि खाली अक्षरं दिसली: 'मेड इन चायना'!

चोरटे, म्हणजे माझ्याआधीच तू खरा तवा लपवलास! हसून हसून पोट दुखलं.

हे पत्र टाकत नाही, उगाच सावध होशील. रविवारी भेंडी घेऊन येते. पिशवी मात्र मोठी आणतेय.

तुझीच बहीण,
ओझेल