रुखसानाचं नाव

मंगळवार, संध्याकाळ

आज मी खोटं बोलले. ते पन रुखसानाशी.

शाळेच्या कबड्डी टीमचे टी-शर्ट आमच्या दुकानात छापायला आलेत. पाठीवर लावायचे नावांचे स्टिकर परवाच आले. दुकानाच्या मालकीन काकू म्हनल्या हुत्या, मधी बटर पेपर घालून कपाटात सपाट ठेव. मी आळस केला, खिडकीतच ठेवले. उन्हानं दोन एकमेकांना चिकटले. सोडवताना एक नाव फाटलं, रुखसानाचं.

नाव कॉलरच्या चार बोटं खाली येतं. बाकी पोरींचं नीट लावलं.

दुपारी रुखसाना शर्ट न्यायला आली. मी शाळा सोडली तरी दुकानात येऊन बोलनारी ती एकटीच. मी म्हनलं, "तुझं नाव पार्सलमधीच आलं न्हाई गं."

"मॅच उद्या हाय, जाऊ दे. पंच ओरडतोच की, रुखसाना आऊट!" ती लई हसली. कोरा शर्ट घालून पाठ फिरवली. "कशी दिसते?"

चार बोटं खाली काहीच न्हाई.

"मस्त," म्हनलं.

का न्हाई सांगितलं? काकू रागावल्या असत्या, एवढंच ना?

फाटलेलं नाव ह्या वहीत ठेवलंय. आता बटर पेपर घातलाय मी त्याला.