आईच्या मापाचं हेल्मेट

प्रिय हर्षाली,

खोकं उघडायची घाई करू नकोस गो, आधी पत्र वाच. तुला धीर नाय हे आम्हाला ठाऊक, म्हणून तुझ्या बाबांनी चिकटपट्टीचे एवढे वेढे मारलेत की कात्री सापडेस्तोवर तुझं वाचून होईल. फोनवरच सांगितलं असतं, पण फोनवर तू रडतेस, तुझं ऐकून मी रडते, आणि शेवटी ‘जेवलीस का’ एवढं विचारून ठेवून देतो. म्हणून लिहायला बसले.

नितेशराव काल आले तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं. प्लॅस्टर निघालं, मनगट बरं आहे, पण स्कूटीची चावी घेतली की तुझा हात थरथरतो. स्कूटी विकायची म्हणतेस. शिफ्टच्या वेळेला तुमच्या वरसे गावातून रिक्षा मिळत नाय, म्हणून कंपनीतली नोकरीही सोडतेस. अगो, त्या लॅबचा पांढरा कोट घालून तू पहिल्यांदा घरी आलीस तेव्हा बाबांनी अख्ख्या गल्लीत पेढे वाटले होते, विसरलीस? जावई बिचारे म्हणाले, तिला नको असेल तर जबरदस्ती नको. चांगले आहेत गो ते. पण मी काय तेवढी चांगली नाय.

वडखळच्या नाक्यावर खडीवरून तुझं चाक घसरलं, डोकं दुभाजकावर आपटलं. हेल्मेटला कानापासून कपाळापर्यंत तडा गेला आणि तुझ्या डोक्याला साधं टेंगूळ नाय. मी दवाखान्यात तुझं डोकं चाचपत बसले होते, तू म्हणालीस, आई, केस ओढू नकोस. तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

बाबा त्यानंतर तुझ्याशी धड बोलले नाहीत, तुला वाटलं रागावलेत. रागावतात कसले! ते फुटकं हेल्मेट घेऊन रोज कारखान्यात बसायचे. मूर्तींची कामं खोळंबली, कारखान्यातली विमलबाई कुरकुरायला लागली, पण यांचं आपलं चालूच. तड्यात लांबीची पुट्टी भरली, पॉलिश पेपर मारला, स्प्रे गनने रंग दिला, वर बाप्पाच्या पीतांबराची असते तशी सोनेरी किनार काढली. तडा कुठे होता ते मलाही सापडेना. म्हणाले, नवंकोरं झालं, दे पाठवून पोरीला.

मीही भुलले होते. मग सहज आत हात घातला, तर कानाजवळचा थर्माकोल दबून पापडासारखा झालेला. लांबच्या गिऱ्हाइकांच्या मूर्ती मीच बांधून देते ना? एकदा दबलेला थर्माकोल परत फुगत नाय, तो मी दुसऱ्या मूर्तीला कधी लावत नाय. बाबांना दाखवलं तर माझ्यावरच उखडले. पेणात चाळीस वर्षं मूर्ती घडवतोय, तडा भरायला तू मला शिकवणार? मग मीही ऐकते होय! म्हटलं, मूर्ती गिऱ्हाइकाकडे जायच्या आधी दुखावली तर तुम्ही जोडता. पण पूजा झालेली मूर्ती कुणी जोडायला आणली तर हात लावता का? हात जोडता आणि विसर्जन करा म्हणता. या हेल्मेटने तुमची लेक राखली. याची पूजा झाली, आता हे जोडायचं नाय.

बाबांनी हेल्मेट खाली ठेवलं. कोपऱ्यात तोंड करून बसले आणि गो, रडले. तुझ्या लग्नातही रडले नव्हते. मग उठून त्याचा पट्टा कापला, कुणी चुकून डोक्यावर चढवायला नको म्हणून. नदीत काय सोडणार, प्लास्टिक ते! आता ते कारखान्यात उलटं ठेवलंय, त्यात ब्रश असतात. बाबा मात्र रोज सकाळी ब्रश उचलायच्या आधी त्याला नमस्कार करतात.

दुसऱ्या दिवशी मला दुकानात घेऊन गेले. मायलेकींची डोकी एकाच मापाची, दोन्ही सारखीच अडेलतट्टू, असं दुकानदाराला सांगून एकेक हेल्मेट माझ्या डोक्यावर चढवलं, पट्टा आवळून मान हलवायला लावली. खोक्यात आहे ते तुझं. पांढरंच आहे. वर काहीतरी काढायला बाबांचे हात नुसते शिवशिवत होते, पण दुकानदार म्हणाला, काका, याला थिनर-रंग लावू नका, कवच कमजोर होतं. झालं, हात मागे घेतला. हर्षाली, तुझ्यासाठी त्या माणसाने जन्मात पहिल्यांदा एखादी वस्तू कोरी सोडलीय.

आता खरी गोष्ट. दुकानातून आम्ही दोन हेल्मेटं आणली. दुसरं माझं. तू इतकी वर्षं म्हणत होतीस, आई, बस ना मागं, आणि मी घाबरून रिक्षा बघायचे. रविवारी दुपारच्या गाडीने मी रोह्याला येतेय. नितेशरावांना पाठवू नकोस, रिक्षा सांगू नकोस. स्कूटी घेऊन तू स्टेशनवर ये. बैलगाडीच्या चालीनं चालव, मला घाई नाय. हात थरथरले तर थरथरू देत, मागून मी तुला धरलेलं असेन. आणि अगदीच नाय जमलं तर दोघी ढकलत नेऊ स्कूटी वरशापर्यंत, हेल्मेटं घालून. लोक हसले तर हसू देत.

मागच्या सीटवर बसायला निघालेली,
तुझीच आई